फ्लेअर गन घ्यावी का, कोणती घ्यावी आणि कायदा काय म्हणतो: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असले तरी फ्लेअर गनबद्दल येथे विचारणा होत असते. कोकणात किंवा गोव्यात बोट ठेवणारे काही जण ती करतात, पेंच आणि ताडोबाच्या भागात फिरणारे करतात, जंगलाला लागून शेती असलेले शेतकरी करतात आणि अलीकडे लग्नाच्या वरातीत रंगीत उजेड हवा असणारेही करतात. या चौघांची गरज वेगवेगळी आहे, त्यामुळे उत्तरेही वेगवेगळी आहेत. येथे दिलेली माहिती अधिनियमांच्या मजकुरावर आधारलेली आहे. एखाद्या विशिष्ट वस्तूबाबत अखेरचा शब्द मात्र परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याचा आणि न्यायालयाचा असतो.

फ्लेअर गन म्हणजे नेमके काय?

संकटात असल्याची खूण दुरून दिसावी म्हणून जळता, तेजस्वी गोळा आकाशात उडवणारे, बहुधा एका वेळी एकच काडतूस घेणारे आखूड नळीचे साधन म्हणजे फ्लेअर गन. अमेरिकी नौदलातील अधिकारी एडवर्ड व्हेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत संकेतांची पद्धत रूढ केली, म्हणून जुनी माणसे आणि लष्करातून निवृत्त झालेले लोक तिला आजही ‘व्हेरी पिस्तूल’ म्हणतात. तांबडा रंग मुख्यतः स्ट्रॉन्शियमच्या क्षारांमुळे येतो, हिरवा बेरियममुळे, आणि झगझगीत पांढरा उजेड मॅग्नेशियमचा असतो. हे मिश्रण दीड-दोन हजार अंश सेल्सियसच्या घरात जळते. नळी प्लॅस्टिकची आणि रंग नारिंगी असला म्हणून ते खेळणे ठरत नाही, एवढी एक गोष्ट या पानावरून लक्षात राहिली तरी पुष्कळ आहे.

‘फ्लेअर’ या एकाच नावाखाली कोणकोणत्या वस्तू विकल्या जातात?

गोंधळाची सुरुवात येथूनच होते. गनमध्ये १२ बोअर, २५ मिलिमीटर, २६.५ मिलिमीटर आणि ३७ मिलिमीटर अशी मापे आढळतात. पहिली दोन प्रामुख्याने अमेरिकेतील खासगी बोटींवर दिसतात. २६.५ मिलिमीटरचे माप युरोपातील सैन्यांकडून आलेले आहे आणि ३७ मिलिमीटरच्या नळ्या दंगल नियंत्रणाच्या साधनांशी फार जवळचे नाते सांगतात. पेनाएवढ्या आकाराचे, स्प्रिंगच्या ठोक्याने छोटी गोळी उडवणारे साधन हा आणखी एक प्रकार.

याखेरीज गन न लागणारे फ्लेअर असतात आणि जगभरच्या व्यापारी जहाजांवर मुख्यतः तेच ठेवले जातात. पॅराशूट रॉकेट स्वतःच्या नळीतून उडते. जहाजांवरील जीवरक्षक साधनांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार ते किमान ३०० मीटर उंच गेले पाहिजे, किमान ४० सेकंद जळले पाहिजे आणि त्याची प्रखरता ३०,००० कँडेलापेक्षा कमी असता कामा नये. हातात धरायचा फ्लेअर किमान एक मिनिट १५,००० कँडेलाच्या तेजाने जळतो. पाण्यावर तरंगणारा नारिंगी धुराचा डबा किमान तीन मिनिटे धूर देतो आणि तो दिवसासाठी असतो. या तिन्हींच्या पलीकडे, ज्यात दारू मुळीच नाही असा विजेरीवर चालणारा एलईडी संकेतदिवाही आता मिळतो.

मग मला गनच हवी का?

बहुतेक नागपूरकरांसाठी माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण कायद्याच्याही आधी भूमितीत आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे एखादा उजेड किती दूरवरून दिसू शकेल हे त्याच्या उंचीवर ठरते. उंचीचे मीटरमधील वर्गमूळ काढून त्याला साधारण ३.५७ ने गुणले की किलोमीटरमधील अंतर मिळते. ३०० मीटरवरील पॅराशूट रॉकेटसाठी हे अंतर सुमारे ६२ किलोमीटर येते, तर १०० मीटर उंच गेलेल्या गोळ्यासाठी सुमारे ३६. हा हिशेब मोकळ्या क्षितिजाचा आहे, आणि उजेडाची ताकद व हवेतील धूसरपणा यांमुळे प्रत्यक्षातले अंतर पुष्कळच कमी भरते. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की उंच उडणाऱ्या संकेताचा सगळा फायदा उघड्या क्षितिजावर, म्हणजे समुद्रावर असतो. सागवानाच्या जंगलात, टेकडीच्या आडोशाला किंवा शहराच्या दिव्यांच्या उजेडात तो फायदा उरत नाही, धोका मात्र तेवढाच राहतो.

शिवाय छोट्या गनमधील गोळा जेमतेम सहा-सात सेकंद जळतो. त्या क्षणी कोणी त्याच दिशेला पाहत नसेल तर तो वाया जातो. एक मिनिट जळणारा हातातला फ्लेअर किंवा रात्रभर लुकलुकणारा एलईडी दिवा शोधपथकाला अधिक उपयोगी पडतो, कारण त्यांना आपल्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि तोपर्यंत खूण टिकली पाहिजे.

भारतात फ्लेअर गनसाठी शस्त्र परवाना लागतो का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर एका शब्दात देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची व्याख्या आहे. स्फोटकाच्या किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेच्या जोरावर कोणत्याही प्रकारचे प्रक्षेपण करण्यासाठी बनवलेले किंवा तसे जुळवून घेतलेले शस्त्र, असा तिचा आशय आहे, आणि दंगल नियंत्रणासाठीच्या पिस्तुलांचा तिच्यात नावानिशी समावेश आहे. प्रक्षेपणाचा निकष फ्लेअर गन सरळसरळ पूर्ण करते. मात्र त्याच कलमात ‘शस्त्र’ म्हणजे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी आयुध म्हणून बनवलेली अथवा जुळवून घेतलेली वस्तू असेही म्हटले आहे, आणि संकेतासाठी बनवलेल्या साधनाला आयुध म्हणावे का, हा वाद येथे उभा राहतो.

विक्रेते नेमका हाच वाद पुढे करून ‘ही सेफ्टीची वस्तू आहे, परवाना लागत नाही’ असे सांगतात. हा युक्तिवाद न्यायालयात एखाद्या वकिलाने मांडणे वेगळे आणि नाकाबंदीत डिकी उघडल्यावर आपण तो पोलीस उपनिरीक्षकासमोर मांडणे वेगळे. तेथे सापडलेल्या वस्तूला नळी, घोडा आणि काडतूस असते आणि अधिकारी त्यावरूनच पुढचे पाऊल उचलतो. कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र किंवा दारूगोळा बाळगता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान दोन व कमाल पाच वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. म्हणून माझा सल्ला असा की परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडून त्या विशिष्ट मॉडेलबद्दल लेखी उत्तर मिळेपर्यंत परवाना लागतोच असे धरून चालावे, आणि ३७ मिलिमीटरच्या नळीच्या वाटेला खासगी व्यक्तीने जाऊच नये.

गनची भानगड नको म्हणून फक्त काडतुसे किंवा हातातले फ्लेअर घेतले तर कायद्यातून सुटका होते का?

होत नाही. तेथे दुसरा कायदा लागू होतो. स्फोटक अधिनियम, १८८४ मध्ये ‘स्फोटक’ या शब्दाच्या व्याख्येत स्फोटाचा किंवा आतषबाजीचा परिणाम साधण्यासाठी बनवलेले पदार्थ येतात आणि त्यांत धुक्यातले संकेत, शोभेची दारू, रॉकेट, काडतुसे व सर्व प्रकारचा दारूगोळा यांची नावे घेतलेली आहेत. त्यामुळे फ्लेअर हातात धरायचा असो, रॉकेट असो वा धुराचा डबा, तो या कायद्याच्या कक्षेत येतो. त्याचे उत्पादन, विक्री, वाहतूक, साठवण आणि आयात स्फोटक नियम, २००८ प्रमाणे चालते. कलम ९ब नुसार नियमांविरुद्ध उत्पादन किंवा आयात केल्यास तीन वर्षांपर्यंत, तर नियमांविरुद्ध बाळगणे, वापरणे, विकणे किंवा वाहून नेणे यांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हा कायदा राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय आपल्या नागपुरातच सेमिनरी हिल्सवर आहे. देशाचे मुख्य स्फोटक नियंत्रक तेथे बसतात. मुंबईच्या किंवा कोचीच्या बोटमालकाला ज्या शंकेसाठी मुख्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो, ती आपल्याला रिक्षाने जाऊन अर्ज देऊन विचारता येते, तेव्हा ही सोय वापरावी.

बोटीवर ठेवलेल्या फ्लेअर गनला सूट असते, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये समुद्रात जाणाऱ्या जहाजावर किंवा विमानावर असलेली आणि त्याच्या नेहमीच्या सामग्रीचा भाग असलेली शस्त्रे व दारूगोळा यांना हा अधिनियम लागू होत नाही, असे म्हटले आहे. येथे दोन अटी एकत्र आहेत. जहाज समुद्रात जाणारे हवे आणि वस्तू त्यावर, त्याच्या सामग्रीचा भाग म्हणून हवी. मालवणच्या धक्क्यावर बांधलेल्या बोटीतून गन पिशवीत घालून धंतोलीच्या घरी आणली की ती जहाजावर नसते आणि सूटही तेथेच संपते. हंगाम संपल्यावर ‘चोरी होईल’ या भीतीने गन घरी आणण्याची सवय अनेकांना असते, पण त्यांनी ती बोटीवरच कुलूपबंद पेटीत ठेवण्याची किंवा गोदीच्या व्यवस्थापनाशी बोलून सोय करण्याची तजवीज करावी. खिंडसीच्या तलावातली नाव मात्र समुद्रात जाणारे जहाज नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

नागपुरात विचारणा किंवा अर्ज कोठे करायचा?

शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातील शस्त्र परवाना शाखेकडे आणि ग्रामीण भागातल्यांनी जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. आयुक्तालयाची हद्द महानगरपालिकेच्या हद्दीशी जुळत नाही. उदाहरणार्थ, कामठी महापालिकेत नाही पण शहर पोलिसांच्या हद्दीत आहे. त्यामुळे आपले पोलीस ठाणे कोणाच्या अखत्यारीत येते ते आधी पाहावे. शस्त्र परवान्यासाठी अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते, संबंधित पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो, आणि मिळालेला परवाना सध्या पाच वर्षांसाठी असतो.

केवळ शंका विचारायची असेल तर साध्या कागदावर अर्ज लिहावा आणि त्यात वस्तूचे नाव, उत्पादक, नळीचे माप, काडतुसाचा प्रकार, वापराचे ठिकाण आणि हेतू हे सर्व द्यावे. ‘मला फ्लेअर गन घ्यायची आहे, चालेल का’ एवढेच लिहिल्यास उत्तरही तितकेच मोघम येते. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. काही जण यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज करतात, पण त्या कायद्याखाली कार्यालयाकडे नोंदीत असलेली माहिती मिळते, कायद्याच्या अर्थाबद्दल नवे मत मिळत नाही, म्हणून थेट विचारणा केलेली बरी.

परदेशी संकेतस्थळावरून मागवता येईल का? तेथे तर ती सहज विकली जाते.

अमेरिकेच्या संघराज्य पातळीवरील कायद्यात संकेतासाठी बनवलेल्या साधनांना काही व्याख्यांतून वगळलेले आहे, म्हणून तेथे ती बोटींच्या सामानाच्या दुकानात मांडलेली दिसते. तिकडची चित्रफीत पाहून इकडे निष्कर्ष काढू नये. ब्रिटनमध्येसुद्धा फ्लेअर पिस्तुलासाठी अग्निशस्त्राचे प्रमाणपत्र लागते. भारतात शस्त्रांच्या आयातीवर शस्त्र अधिनियमाचे कलम १० आणि फ्लेअरच्या आयातीवर स्फोटक नियम लागू होतात, आणि दोन्हींसाठी आधी परवाना घ्यावा लागतो. सीमाशुल्क विभागाने पार्सल अडवल्यास ते जप्त होतेच, शिवाय मागवणाऱ्याचे नाव आणि पत्ता वेष्टणावरच छापलेला असतो. देशातल्या देशातही टपालाने किंवा साध्या कुरियरने स्फोटके पाठवता येत नाहीत. त्यामुळे ‘घरपोच देतो’ म्हणणारा विक्रेता आपण होऊनच आपली विश्वासार्हता सांगून टाकत असतो.

मला स्वतःला एकदा अशाच एका विक्रेत्याने, ज्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही, हातातल्या फ्लेअरची पेटी स्वस्तात देऊ केली होती. पेटीवरची मुदतीची तारीख चिकटपट्टीखाली झाकलेली होती. पट्टी काढल्यावर मुदत संपून चार वर्षे झाल्याचे दिसले. संकटाच्या वेळी लोक त्या वस्तूच्या भरवशावर आपला जीव ठेवतात, हे ठाऊक असून तसे करणाऱ्याबद्दल मला आजही संताप वाटतो.

रेल्वेने किंवा विमानाने सोबत नेता येईल का?

नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक वस्तू बेकायदा रेल्वेत आणल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमानात फ्लेअर ना हातातल्या सामानात चालतात, ना बॅगेत टाकून. बोट कोकणात असेल तर फ्लेअरची खरेदीही तिकडच्या परवानाधारक विक्रेत्याकडूनच करावी म्हणजे वाहतुकीचा प्रश्नच येत नाही.

शेतात रानडुकरे आणि रोही येतात. त्यांना पळवण्यासाठी फ्लेअर गन वापरता येईल का?

हा प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याची अडचण मी हलकी मानत नाही. रात्रभर मचाणावर जागल करूनही सकाळी तुरीचा अर्धा धुरा लोळवलेला दिसतो, तेव्हा माणूस कोणत्याही उपायाला तयार होतो. तरीही फ्लेअर हा उपाय नव्हे. जळता गोळा प्राण्याच्या अंगावर बसला तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा उभा राहू शकतो. तो वाळलेल्या हरभऱ्यात, गव्हात किंवा शेजारच्या कुंपणातल्या काटक्यांवर पडला तर पिकापेक्षा मोठे नुकसान होते, आणि भारतीय न्याय संहितेची आग व स्फोटक पदार्थांबाबतच्या निष्काळजीपणाची कलमे २८७ आणि २८८ लागू होतात. शिवाय जनावरे अशा उजेडाला थोड्याच दिवसांत सरावतात.

पाइपमध्ये कार्बाइड टाकून घरी केलेली तोफ हा त्याहून वाईट पर्याय आहे. २०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात अशा कार्बाइड गनमुळे कितीतरी मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, ती बातमी अजून ताजी आहे.

शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणाचा विचार केलेला आहे. कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावानिशी येतो, म्हणजे ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी परवान्याचा रस्ता तेथे आहे. त्याआधी सौर कुंपण, वन विभागाकडील नुकसानभरपाईचा अर्ज आणि ‘हॅलो फॉरेस्ट’चा १९२६ हा क्रमांक, हे तीन मार्ग वापरून पाहावेत.

पेंच, ताडोबा किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडला परिसरात फिरताना सुरक्षिततेसाठी जवळ ठेवली तर?

ठेवू नये. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत दारूगोळा व स्फोटके येतात. म्हणजे शस्त्र अधिनियमाखालचा ‘हे आयुध आहे का’ हा वाद येथे उपयोगीच पडत नाही. काडतूस खिशात असले तरी पुरे. कलम ३० अभयारण्य धोक्यात येईल अशा रीतीने आग लावायला मनाई करते, आणि हीच बंधने राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहेत. राखीव वनात भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम २६ आहेच.

ज्यांनी मार्च-एप्रिलमध्ये विदर्भातले सागवान पाहिले आहे त्यांना कलमांची गरज पडू नये. पायाखाली घोट्याएवढी वाळकी पाने साचलेली असतात, मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली लावलेला लहानसा जाळसुद्धा वाऱ्याने पसरून टेकडीच्या टेकडी जळून जाते आणि वनमजूर झाडाच्या फांद्यांनी ती आग झोडपत रात्र काढतात. अशा ठिकाणी दोन हजार अंशांचा गोळा आकाशात सोडणे हा अक्षम्य प्रमाद आहे. तो वरच विझेल असे गृहीत धरता येत नाही, कारण फांदीला आपटून तो जळत असतानाच खाली येऊ शकतो.

जंगलात वाट चुकल्यास शिट्टी, आरसा आणि विजेरी पुरतात. डोंगरी भागातला आंतरराष्ट्रीय संकेत असा आहे की एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाशाची खूण करायची, एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा करायची. उत्तर देणारा मिनिटाला तीन खुणा करतो. फोनला रेंज असेल तर ११२.

अंबाझरी, खिंडसी किंवा तोतलाडोहच्या पाण्यावर?

तलावाचा काठ सगळीकडून दिसतो. तेथे अंगातले जीवरक्षक जाकीट आणि शिट्टी यांनी जीव वाचतो, फ्लेअरने नाही. तोतलाडोह जलाशय तर पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आतच आहे, त्यामुळे वरील उत्तर तेथे जसेच्या तसे लागू होते.

वरातीत किंवा विजयाच्या मिरवणुकीत लाल फ्लेअर पेटवले तर काय बिघडते?

तांबडा फ्लेअर हा संकटाचा संकेत आहे. समुद्रावर संकट नसताना तो वापरण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनी मनाई केलेली आहे, आणि ज्याचा अर्थ ‘आम्ही मरत आहोत, या’ असा आहे ती खूण नाचताना मिरवणे मला तरी पटत नाही. कायद्याचे म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ मध्ये आनंदोत्सवातील गोळीबारासाठी स्वतंत्र शिक्षा आणली आहे. इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अग्निशस्त्र वापरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मांडवाचे कापड, थर्माकोलची सजावट आणि गर्दीतले सिंथेटिक कपडे यांच्यामध्ये फ्लेअर पेटवणाऱ्याला कोणत्या कलमाखाली पकडले, हे नंतर दुय्यम ठरते.

सोनेगावच्या विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय दृश्यसंकेतांमध्ये तांबड्या फ्लेअरचा अर्थ ‘आधीच्या सूचना काहीही असल्या तरी तूर्त उतरू नका’ असा होतो. वर्धा रोडवरच्या एखाद्या लॉनमधून उडवलेला तांबडा गोळा उतरणाऱ्या वैमानिकाने काय समजावा?

फ्लेअर गनमध्ये नळी बसवून साधे काडतूस उडवता येते, असे दाखवणाऱ्या चित्रफिती आहेत. तसे केले तर?

तसे करू नये. फ्लेअरच्या काडतुसाचा दाब बंदुकीच्या काडतुसाच्या मानाने फारच कमी असतो आणि प्लॅस्टिकची नळी तेवढ्याच दाबासाठी बनवलेली असते, त्यामुळे ती हातात फुटते. कायद्याच्या दृष्टीने तर, जे साधन संकेतासाठी होते ते आपण स्वतःच्या हाताने आयुध म्हणून ‘जुळवून’ घेतलेले असते, आणि मग संशयाला जागा उरत नाही. परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणे किंवा त्यात असे रूपांतर करणे यासाठी कलम २५ मध्ये किमान सात वर्षे ते जन्मठेप एवढी शिक्षा आहे.

माझी खरोखरच समुद्रात जाणारी बोट आहे. मग निवड कशी करावी?

आपल्या बोटीच्या नोंदणीनुसार कोणती जीवरक्षक सामग्री बंधनकारक आहे ते आधी सर्वेक्षकाकडून लिहून घ्यावे, कारण ती यादी बोटीच्या आकारावर आणि किनाऱ्यापासूनच्या अंतरावर बदलते. यादी पुरी झाल्यावरच गनचा विचार करावा, आणि तो केला तरी माझा कौल पॅराशूट रॉकेट व हातातल्या फ्लेअरकडेच राहील. ते अधिक उंच जातात किंवा अधिक वेळ जळतात, आणि त्यांना वेगळी नळी लागत नसल्याने परवान्याचा पेचही कमी होतो.

खरेदी करताना उत्पादनाची आणि मुदतीची तारीख पाहावी. ती साधारण तीन वर्षांची असते. वेष्टणावर हवाबंद सील शाबूत आहे का, वापरण्याच्या सूचना चित्रांत दिलेल्या आहेत का आणि विक्रेत्याचा परवाना क्रमांक पावतीवर आहे का, हेही तपासावे. सूचना दुकानातच वाचाव्यात. अंधारात, ओल्या हातांनी, डोलणाऱ्या बोटीत त्या पहिल्यांदा वाचणे जमत नाही.

वापरताना, जहाज किंवा विमान नजरेच्या टप्प्यात असेल तेव्हाच रॉकेट सोडावे. पहिले सोडल्यावर थोड्या वेळाने दुसरे सोडले तर पाहणाऱ्याला दिशा पक्की करता येते. रॉकेट उडताना वारा जिकडून येतो तिकडे तोंड वळवते, म्हणून जोराच्या वाऱ्यात ते सरळ वर न धरता वारा जिकडे वाहतो तिकडे किंचित कलते धरतात. ढग खाली आले असतील तर अधिक कलते धरतात, म्हणजे उजेड ढगांत हरवत नाही. हातातला फ्लेअर नेहमी वारा वाहून नेईल त्या बाजूला, बोटीच्या काठाबाहेर धरावा, कारण त्याचे वितळलेले थेंब रबराच्या तराफ्याला भोके पाडतात. तटरक्षक दलाचा १५५४ हा निःशुल्क क्रमांक बोटीवर ठळक लिहून ठेवावा. फ्लेअर तो फोन लागला नाही तर आहे, फोनऐवजी नाही.

साठवताना आणि चुकून पेट घेतल्यास काय करावे?

कोरड्या, थंड, कुलूपबंद आणि मुलांच्या हाती न लागणाऱ्या जागी ठेवावेत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी अधिक ताप असतो, म्हणून गाडीत फ्लेअर ठेवून देण्याचा विचारही करू नये. पेटलेल्या फ्लेअरवर पाणी ओतू नये. जळते मॅग्नेशियम पाण्याशी संयोग पावून हायड्रोजन सोडते आणि आग भडकते. कोरडी वाळू टाकावी, माणसे दूर न्यावीत आणि अग्निशमन दलाला बोलवावे. न उडालेले काडतूस नळीत डोकावून पाहू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे.

मुदत संपलेल्या फ्लेअरचे काय करायचे?

कचऱ्याच्या गाडीत टाकू नयेत. भांडेवाडीच्या डेपोत उन्हाळ्यात आपोआप आगी लागतात, त्यांत ही भर नको. तलावात फेकू नयेत आणि ‘संपवून टाकू’ म्हणून दिवाळीत उडवूही नयेत, कारण जुने मिश्रण कसे जळेल याचा भरवसा नसतो. ज्या परवानाधारक विक्रेत्याकडून घेतले त्याला परत करण्याची अट खरेदीच्या वेळीच पावतीवर लिहून घ्यावी. तसे झाले नसेल किंवा आजोबांच्या पेटीत अशी जुनी काडतुसे सापडली असतील, तर ती हलवू नयेत, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे म्हणजे बॉम्बशोधक व नाशक पथक ती ताब्यात घेते. स्वतःहून लेखी कळवल्याची प्रत जपून ठेवावी, म्हणजे ती काडतुसे आपण लपवून ठेवली होती असे पुढे कोणाला म्हणता येत नाही.